बर्फ काढायची हत्यारं: बडोद्याहून मुलांकडे जाणाऱ्यांनी काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

आधी निकाल, कारणं मागाहून. तीन वस्तू पैसे वसूल करतात: ढकलायचं रुंद फावडं, बुटांवर चढवायचे काटे आणि अमेरिका-कॅनडातल्या थंडीला साजेसं मीठ. स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणारं यंत्र, ड्राइव्हवे (दारापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट) मोठा असेल आणि गावात बर्फ खरोखरच भरपूर पडत असेल तरच घ्यावा. वाकड्या दांड्याच्या फावड्याची जाहिरात त्याच्या कामापेक्षा चांगली आहे. आणि घरात साठी ओलांडलेली माणसं असतील तर यातलं काहीही घेण्याआधी बर्फ काढून देणाऱ्याशी सीझनचा करार करावा.

डिसेंबर-जानेवारीत बडोद्याहून न्यू जर्सी, टोरांटो, शिकागोकडे निघणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत थर्मल, माकडटोपी आणि मेथीचे लाडू असतात. ओटल्यापासून रस्त्यापर्यंत साठणाऱ्या बर्फाचं वजन मात्र कोणाच्या हिशेबात नसतं. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे साधारण 6 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब धरा. त्यावर 15 सेंटिमीटर बर्फ पडला तर झाला 9 घनमीटर. कोरडा, भुरभुरीत असेल तर घनमीटरला 50 ते 100 किलो, म्हणजे सगळा मिळून 900 किलोपर्यंत. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ घनमीटरला 200 किलोंच्या वर जातो. मग तोच ढीग पावणेदोन टनांच्या पुढे. खिडकीतून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

हे वजन थंडीत उचलायचं असतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि फावडं उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन याबद्दल दर हिवाळ्यात सावध करते, ते उगाच नाही. ‘मी रोज कमाटी बागेत पाच फेऱ्या मारतो, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या काकांनी ध्यानात घ्यावं, की चालणं हे पायांचं काम आहे. इथे सगळा भार हातांवर येतो आणि हृदयाला तो जास्त जड जातो. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी फावड्याला हात लावू नये. सूनबाई किंवा जावईबापू कामावरून येईपर्यंत बर्फ कुठे पळून जात नाही.

आता फावडी. दुकानात मुख्यतः दोन जाती दिसतात. एक ढकलायची: पातं 60 ते 75 सेंटिमीटर रुंद, पुढे वळलेलं. दुसरी उचलून फेकायची: 45 सेंटिमीटरच्या आसपास, खोलगट. दोन्हींच्या मधलं ‘कॉम्बो’ही मिळतं. घरात एकच ठेवायचं असेल तर कॉम्बो चालेल, पण जागा असेल तर दोन वेगळी घ्या. रुंद पात्याने उचलायला जाल तर ओल्या बर्फाचं एकेक फावडं सहा-सात किलोंचं होतं आणि कंबर धरते. रुंद पातं फक्त ढकलण्यासाठी, हा नियम मोडू नये.

पात्याच्या कडेला धातूची पट्टी असते. डांबरी किंवा सलग काँक्रीटच्या ड्राइव्हवेवर ती चांगलीच. नुसतं प्लॅस्टिक एका सीझनमध्ये झिजून वेडंवाकडं होतं. पण तुकड्यांच्या फरशीवर ही पट्टी सांध्यात अडकते, दांडा जागच्या जागी थांबतो आणि धक्का थेट बरगडीत बसतो. तिथे आणि लाकडी डेकवर पट्टी नसलेलं प्लॅस्टिकचं पातं वापरा. डेकवर ढकलायचं ते फळ्यांच्या लांबीच्या दिशेने. आडवं ढकललंत तर प्रत्येक फटीत पातं ठेचकाळतं. पोलादी पातं टणक आइस, म्हणजे गोठून काचेसारखा झालेला बर्फ, फोडायला उपयोगी, पण जड. ॲल्युमिनियम हलकं, पण दगडाला आपटलं की कोपरा दुमडतो.

दांडा फायबरग्लासचा बरा. मूठ इंग्रजी डी अक्षराची असते. दुकानात हातमोजा घालूनच ती धरून बघा, कारण उघड्या हाताला ऐसपैस वाटणारी मूठ जाड मोज्यात मावत नाही. फावडं उभं धरलं की मूठ छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान यायला हवी. पाच फुटांच्या काकूंना उंच माणसासाठी केलेला लांब दांडा दिला तर खांदे दुखणारच. सगळ्यात आधी मोडते ती दांडा पात्यात बसतो ती प्लॅस्टिकची खोबण. उणे 15 अंशांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि लोक त्याच फावड्याने आइस फोडायला जातात. खोबणीत निदान दोन स्क्रू असलेलंच घ्या. एका स्क्रूवर दांडा फिरायला लागतो, भोक मोठं होतं आणि मग तो बसत नाही तो नाहीच.

वाकड्या दांड्याने वाकणं कमी होतं, हे खरं. कोरडा बर्फ ढकलताना त्याचा आराम जाणवतो. ओला बर्फ बाजूला फेकताना मात्र पातं हातात फिरतं आणि मनगट पिळवटतं. दुसऱ्या हाताची पकड नेमकी वाकणावर येते, तीही अवघड. घरात कोणाची पाठ आधीच नाजूक असेल तर त्यापेक्षा क्वेबेकमध्ये आणि मिशिगनच्या उत्तर भागात सर्रास दिसणारं घसरतं सूप बघा: मोठं खोलगट पातं, त्याला यू आकाराचा दांडा. बर्फात घुसवायचं, मागे झुकवायचं, जमिनीवरून सरकवत न्यायचं आणि पुढे ओतायचं. उचलणं नाही. सपाट जागेत आणि बर्फ टाकायला बाजूला मोकळं असेल तिथे याच्या तोडीचं काही नाही. पायऱ्यांवर ते बिनकामाचं.

पात्याला बर्फ चिकटू लागला की काम दुप्पट होतं. कारण साधं आहे: घरात ठेवलेलं फावडं गरम असतं, त्यावर बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठून थापी बनतो. फावडं अर्धा तास आधी बाहेर ठेवा आणि पात्याला सिलिकॉन स्प्रे मारा. स्प्रे नसेल तर स्वयंपाकघरातल्या तेलाचा बोळा फिरवला तरी चालतं. बर्फ पडायचा थांबण्याची वाटही पाहू नये. 25 सेंटिमीटरचा अंदाज असेल तर पाच-आठ सेंटिमीटर साठला की एक हात फिरवायचा.

एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला उलटी पडते. रस्ता साफ करणारा प्लाऊ जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे घरातून रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलात तर प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. म्हणून आपला ढीग उजव्या हाताला करायचा आणि डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने, काही फूट जागा साफ करून ठेवायची. प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा माल त्या रिकाम्या जागेत पडतो आणि तोंडाशी कमी येतो. बडोद्याच्या वाहतुकीच्या सवयीने ढीग डावीकडे केलात तर तोच पुन्हा तुमच्या दारात येतो.

मिठाकडे येऊ, कारण खरी फसवणूक याच पिशव्यांत आहे. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या संच्यात बर्फावर खडेमीठ टाकतात, तेच रसायन इथेही चालतं: मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो. प्रयोगशाळेत 23 टक्क्यांच्या आसपासचं मिठाचं पाणी उणे 21 पर्यंत गोठत नाही. ओटल्यावर मात्र साधं रॉक सॉल्ट, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे 9 अंशांच्या खाली जवळपास ढिम्म बसून राहतं, कारण इतक्या थंडीत ते फारच हळू विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइड उणे 15 च्या आसपास काम देतं, कॅल्शियम क्लोराइड उणे 29 पर्यंत. युरिया उणे 4 ला हात टेकतो. आणि हे अंश मोबाइलवरच्या हवेचे धरायचे नाहीत, जमिनीचे धरायचे. उत्तरेकडच्या सावलीतल्या पायऱ्या दुपारीही हवेपेक्षा थंड असतात.

पिशवीच्या दर्शनी भागावर ‘उणे 25 पर्यंत प्रभावी’ असं ठळक छापलेलं असतं. पिशवी उलटी करून घटक वाचा. पुष्कळ ‘ब्लेंड’मध्ये बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं, त्यावर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचा हात फिरवलेला असतो आणि थोडा निळा-हिरवा रंग. भाव मात्र वरच्या पायरीचा. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी बहुतेक दिवस साधं रॉक सॉल्ट पुरतं. ते स्वस्तात घ्या. मिनेसोटा किंवा विनिपेगला असाल तर सरळ शुद्ध कॅल्शियम क्लोराइड घ्या. दुप्पट-तिप्पट पैसे पडतात, पण काम होतं. मधल्या ब्लेंडची शिफारस करता येत नाही.

कॅल्शियम क्लोराइडचे नखरेही सांगायला हवेत. ते विरघळताना उष्णता सोडतं, म्हणून वेगवान. आणि म्हणूनच उघड्या हाताने पसरू नये, ओल्या कातडीची आग होते. फरशीवर तेलकट थर सोडतं, तो बुटांबरोबर घरात येऊन लाकडी जमिनीवर डाग पाडतो. हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे तोंड उघडं राहिलेल्या पिशवीचा महिन्याभरात दगड होतो, खाली पाणी सुटतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बादलीत ठेवा. मोठी पिशवी 50 पौंडांची, म्हणजे 22 किलोंच्या पुढे. स्वस्त पडते म्हणून ती घ्याल आणि गाडीतून उतरवताना पाठ धराल. घरात ज्येष्ठ मंडळीच असतील तर 10-12 पौंडांचा डबा परवडतो.

प्रमाण बहुतेक जण भलतंच घेतात. कॉफीचा एक मोठा मग, साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ, फुटपाथच्या दहा चौकोनांना किंवा वीस फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. दोन खड्यांत सात-आठ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी कोरड्या फरशीवर पांढरे खडे दिसले तर मीठ जास्त झालं. झाडून भरून ठेवा, पुढच्या वेळी वापरा. 15 सेंटिमीटर बर्फावर मीठ ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आधी फावड्याने काढा, मग खाली जमिनीला चिकटून राहिलेल्या थरावर मीठ टाका. त्याचं काम सगळं वितळवणं नाहीच. खडा खाली शिरून बर्फाची जमिनीवरची पकड सोडवतो, मग तो थर फावड्याने सोलायचा. बारीक मिठाला एवढं खोल जाता येत नाही, वरच्या वर विरघळून जातं, म्हणून स्वयंपाकाच्या मिठाचा पुडा रिकामा करून काही साधत नाही. सुटलेला चिखल बाजूला सारायचं विसरलात तर पातळ झालेलं मीठपाणी रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी पायऱ्यांना ती चमकदार काच चढते, जी दुधाच्या बाटल्यांसकट माणसाला खाली आणते.

गरम पाणी ओतू नका. ते पसरतं, थंड होतं आणि आधीपेक्षा मोठा आइसचा पट्टा तयार होतो. हे सांगायची वेळ दर वर्षी येते.

नवं काँक्रीट असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाळा आणि वाळू टाका. मीठ बर्फ वितळवतं, त्याचं पाणी काँक्रीटच्या छिद्रांत शिरून पुन्हा गोठतं, फुगतं आणि वरचे पापुद्रे सुटतात. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेली पिशवी तर काँक्रीटलाच खाते, ती दुकानात दिसली तरी घेऊ नये. वाळू कोरडी ठेवा. ओली झाली की बादलीतच गोठते. कुत्रं असेल तर फिरून आल्यावर त्याचे पंजे कोमट पाण्याने धुवा.

स्नो ब्लोअर. बफेलोमध्ये वर्षाला सरासरी 240 सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो, शिकागोत 95, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये 80. न्यूअर्कच्या बाजूला छोट्या ड्राइव्हवेसाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे गॅरेजमधली जागा अडवणं. सिंगल-स्टेज यंत्राची रबरी पाती जमीन घासत जातात, पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत छान साफ करतात, पण खडीवर चालवलं तर खडे उडवतात. टू-स्टेजमध्ये पुढचा स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा नळीतून फेकतो. प्लाऊचा टणक बांध यानेच फुटतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तळपट्ट्या काँक्रीटवर तीनेक मिलिमीटर आणि खडीवर दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवा.

यंत्राच्या स्क्रूला शिअर पिन असते. वर्तमानपत्राची गोठलेली गुंडाळी किंवा दगड अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. पिन तुटली म्हणून हाताला लागेल तो साधा कडक बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. म्हणून यंत्राबरोबरच चार पिना घेऊन ठेवा. ओल्या बर्फात नळी तुंबते. इंजिन पूर्ण वेगात ठेवून अर्ध्या रुंदीचाच पट्टा घेतला तर कमी तुंबते. तुंबलीच, तर यंत्र बंद करा, सगळं थांबू द्या आणि सोबत दिलेल्या काठीनेच साफ करा. इंजिन बंद असलं तरी आत अडकलेला ताण सुटून पातं एक गिरकी घेऊ शकतं, आणि बोटं अशीच जातात. पेट्रोलचं यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, गरम करत ठेवू नये. सीझन संपला की टाकीत पेट्रोल राहू देऊ नका. कार्बोरेटरमध्ये त्याचा डिंक होतो आणि पुढच्या नोव्हेंबरात दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. बॅटरीवरचं यंत्र या कटकटीतून सोडवतं, पण बॅटरी घरात ठेवा आणि घरातच चार्ज करा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते.

छपराचं. उत्तरायणाला गच्चीवर चढायची सवय असलेल्यांनी तिथल्या उतरत्या छपरावर चढायचा विचारही करू नये. त्यासाठी लांब दांड्याचा रूफ रेक असतो, ॲल्युमिनियमचा, जोडून सहा मीटरच्या आसपास जाणारा. जमिनीवर उभं राहून, छपराच्या कडेकडून सुरुवात करून, वरून खाली सरळ ओढायचं. आडवं घासलं तर शिंगल, म्हणजे छपरावरच्या एकावर एक बसवलेल्या चपट्या पट्ट्या, उचकटतात. पात्याला छोटी चाकं असलेलाच घ्या आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर तसेच राहू द्या. आसपास विजेच्या तारा असतील तर धातूचा दांडा उचलूच नका. हे सगळं तेव्हाच, जेव्हा कडेला आइसचा बांध धरतो: घरातली उष्णता माळ्यातून वर जाते, बर्फ खालून वितळतो, पाणी थंड कडेशी येऊन गोठतं आणि मागचं पाणी शिंगलखाली शिरतं. रेकने वेळ निभावते. खरा उपाय माळ्याचं इन्सुलेशन.

बुटांच्या काट्यांत दोन प्रकार. तारेची स्प्रिंग गुंडाळलेले दाबलेल्या बर्फावर बरे, पण कडक आइसवर घसरतात. साखळीला बारीक टोकं असलेले आइसमध्ये रुततात, मात्र घरातल्या किंवा दुकानातल्या टाइल्सवर तेच उलटे घसरवतात, दारातच काढायचे. म्हणून बसायला दारापाशी एक स्टूल हवं. रबर थंडीत कडक होतं, त्यामुळे घरात असतानाच बुटावर चढवून बाहेर न्या. आईसाठी घेणार असाल तर तिचा हिवाळी बूट दुकानात घेऊन जा; बडोद्याच्या चपलेच्या नंबरावरून अंदाज चुकतो.

बर्फ थांबला की फावड्याआधी घराच्या भिंतीकडे बघा. घर गरम करणाऱ्या नव्या फर्नेसच्या पांढऱ्या प्लॅस्टिक नळ्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर निघतात. त्या बुजल्या तर फर्नेस बंद पडते, वाईट वेळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो. त्या हाताने किंवा झाडूने मोकळ्या करा; गॅसच्या मीटरवरही फावडं चालवू नका. गाडी चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, आणि न्यू जर्सीत असाल तर गाडीच्या टपावरचा बर्फही काढा, नाहीतर 25 ते 75 डॉलर दंड आहे. शिकागोत सकाळी 7 ते संध्याकाळी 7 दरम्यान पडलेला बर्फ घरासमोरच्या फुटपाथवरून रात्री 10 च्या आत काढावा लागतो, रात्री पडलेला सकाळी 10 च्या आत. आपल्या गावाचा नियम नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

राहता राहिला करार. दोन पद्धती: दर खेपेला पैसे किंवा सीझनचा एकरकमी. कमी बर्फाच्या गावात खेपेवारी परवडते. जास्त बर्फाच्या गावात एकरकमी, पण त्यात ‘जास्तीत जास्त इतक्या खेपा’ असं बारीक अक्षरात आहे का ते वाचा. किती बर्फ साठला की माणूस येणार हा आकडा बघा. 2 इंचांचा, म्हणजे 5 सेंटिमीटरचा असेल तर ठीक. 4 इंच असेल तर त्याखालचा सगळा बर्फ तुमच्याच गळ्यात. पायऱ्या आणि दारापर्यंतची वाट धरली आहे की फक्त ड्राइव्हवे? मीठ वेगळं लावणार का? प्लाऊने बांध घातल्यावर दुसऱ्यांदा येणार का? सकाळी किती वाजेपर्यंत? त्याच्याकडे विम्याचा कागद आहे का? ड्राइव्हवेच्या कडेने चमकणाऱ्या काठ्या रोवल्या नाहीत तर प्लाऊ हिरवळीवर चढतो आणि वसंतात त्याचं बिल कोणी भरत नाही. या काठ्या जमीन गोठण्याआधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ठोकाव्या लागतात. डिसेंबरात हातोडा उडतो, काठी जात नाही. करारही त्याच सुमाराला होतो. जानेवारीत पहिलं वादळ येऊन गेल्यावर फोन केलात तर चांगली माणसं भरलेली असतात आणि उरलेली वाटेल तो भाव सांगतात.